मान्सूनचा अंदाज आपला, मग मॉडेल कोणाचे?

आगोट
२०२५ साली मान्सून केरळात २४ मे रोजी दाखल झाला आणि २६ मे रोजी तो मुंबईत होता, म्हणजे ११ जून या नेहमीच्या तारखेच्या पंधरवडाभर आधी. आमच्याकडे मे महिन्यातच इतका पाऊस झाला होता की काळ्या रानात पाय रुतत होते. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपने मान्सून सक्रिय असल्याचा संदेश दिला, वाफसा येताच मी पाच एकरांत सोयाबीन पेरले आणि त्यानंतर पावसाने अशी ओढ दिली की उगवलेली रोपे भर दुपारी माना टाकताना रोज पाहावी लागली. मे अखेर अडखळलेला मान्सून जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकला नाही, आणि मला दुबार पेरणी करावी लागली.

नंतर चौकशी केली तेव्हा कळले की ते अ‍ॅप एका परदेशी मॉडेलचे, म्हणजे हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकी गणिताचे, आकडे जसेच्या तसे दाखवत होते. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतो आहे. आपले हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले, त्याला दीडशे वर्षे झाली. तरीही मान्सूनविषयी वाचायला घेतले की अमेरिकेचे मॉडेल, ब्रिटनचे विमान, फ्रान्सचा उपग्रह अशीच नावे पुढे येतात. पाऊस आपल्या रानात पडतो, त्याचा हिशेब दुसऱ्यांनी का मांडावा? या आंतरराष्ट्रीय सहकार्यातून माझ्यासारख्याच्या हाती नेमके काय पडते? जाणकारांनी सांगावे. मी वाद घालायला नव्हे, समजून घ्यायला विचारतो आहे. पण पटले नाही तर वाद घालीनच.

घाटमाथा
पाऊस आपल्या रानात पडतो हे खरे, पण तो येतो विषुववृत्ताच्या पलीकडून, आणि तेही पारपत्राशिवाय.

शिमला_ऑफिस
घाटमाथा यांनी विनोदात सांगितलेली गोष्टच या विषयाचा पाया आहे. १८७०च्या दशकातील दुष्काळांनंतर हेन्री ब्लॅनफर्ड या खात्याच्या पहिल्या प्रमुखांनी हिमालयातील बर्फाचा पुढच्या पावसाशी संबंध लावून पाहिला आणि १८८६ पासून मान्सूनचे दीर्घावधी अंदाज नियमित निघू लागले. हिमालय घरचाच होता, त्यामुळे तोवर घरच्या माहितीवर भागत होते. मात्र पुढे अंदाज चुकत गेले आणि १८९९च्या दुष्काळाने तर पुरती शोभा झाली.

१९०४ साली खात्याची सूत्रे गिल्बर्ट वॉकर यांच्याकडे आली. हा गृहस्थ केंब्रिजचा गणिती होता, हवामानशास्त्राचे शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. कदाचित म्हणूनच ढग पाहण्याऐवजी त्याने आकडे मागवायला सुरुवात केली. जगभरच्या केंद्रांचा वायुदाब, पाऊस, तापमान, जे मिळेल ते घेऊन त्याने कारकुनांच्या फौजेकडून हजारो सहसंबंध हाताने काढून घेतले. त्यातून प्रशांत महासागर आणि हिंदी महासागर यांच्यातील वायुदाबाचा झोका सापडला, म्हणजे एकीकडे दाब चढला की दुसरीकडे उतरतो. त्याला त्याने दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. हा झोका आणि एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून नेहमीपेक्षा तापणे (अशा वर्षी आपल्याकडे पाऊस बहुधा कमी पडतो), एकाच यंत्रणेचे भाग आहेत, हे याकोब ब्येर्कनेस यांनी १९६९ साली जुळवून दाखवले. म्हणजे भारतातला पाऊस ओळखायला निघालेल्या माणसाला उत्तराचा तुकडा प्रशांत महासागरातले ताहिती बेट आणि ऑस्ट्रेलियातले डार्विन शहर यांच्या वायुदाबात सापडला, आणि त्याचा अर्थ लावला तो नॉर्वेत वाढून अमेरिकेत काम करणाऱ्या शास्त्रज्ञाने.

यातली गंमत खात्याचे पुढचे एक प्रमुख चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ साली नोंदवून ठेवली आहे. त्यांचे म्हणणे असे की मान्सून हा ज्याचा अंदाज बांधावा असा विषय कमी आणि जगात पुढे काय होणार याची आगाऊ खबर देणारा अधिक दिसतो. अर्थात आपल्या पावसाची गरज इतरांनाही आहे.

(माझ्या आयडीबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो: खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यात आले, म्हणून पुण्यातल्या त्या दगडी इमारतीला आणि चौकाला लोक आजही सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय केव्हाच दिल्लीला गेले.)

तिरकस
इतिहास सुंदर आहे, पण ही सगळी विश्वबंधुत्वाची गोष्ट असल्यासारखे चित्र उभे राहते आहे, त्याला माझी हरकत आहे. ऐंशीच्या दशकात मध्यम पल्ल्याच्या, म्हणजे पुढच्या काही दिवसांच्या, अंदाजासाठी भारताला महासंगणक हवा होता. अमेरिकेने बरेच आढेवेढे घेतले, मागितलेल्यापेक्षा कमी ताकदीचे क्रे एक्स-एमपी यंत्र दिले आणि वापरावर निर्बंधही घातले. ते यंत्र १९८८-८९च्या सुमारास दिल्लीत आले. जास्त ताकदीच्या यंत्राला मिळालेल्या नकारातून पुण्यात सी-डॅक ही संगणक संशोधन संस्था उभी राहिली आणि १९९१ साली परम ८००० हा भारतीय महासंगणक तयार झाला. तेव्हा सहकार्य म्हणजे गळ्यात गळे नव्हे, ती देवाणघेवाण असते, आणि आपल्याकडे देण्यासारखे काही असले तरच घेण्यासारखे काही मिळते. आगोट यांचा संशय मला अनाठायी वाटत नाही.

शिमला_ऑफिस
@तिरकस, मुद्दा मान्य. मात्र त्याच प्रसंगाची दुसरी बाजू पाहा. यंत्रावर पहारा होता, पण त्या यंत्रावर चालवायचे मॉडेल अमेरिकेच्याच हवामान केंद्राकडून मिळाले. यंत्र बंदुकीच्या यादीत होते, समीकरणे नव्हती. हवामानशास्त्रात ही विसंगती जुनीच आहे.

पहाटे_साडेपाच
मी ३४ वर्षे वेगवेगळ्या वेधशाळांत निरीक्षक होतो, शास्त्रज्ञ नाही. त्यामुळे मॉडेल कोणाचे यावर मी बोलू शकत नाही. पण त्या मॉडेलच्या पोटात काय जाते ते सांगू शकतो.

जगभरच्या वेधशाळा एकाच घटकेला फुगे सोडतात. ग्रिनिचची मध्यरात्र आणि दुपार हे ते दोन ठोके, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे आणि संध्याकाळचे साडेपाच. प्रत्यक्षात फुगा त्याच्या थोडा आधीच सोडावा लागतो. हायड्रोजन भरताना खोलीत ठिणगी उडेल अशी एकही वस्तू चालत नाही, हे पहिल्या दिवशी बजावून सांगितलेले वाक्य मला अजून झोपेतही आठवते. जूनमध्ये पश्चिमेचा वारा सुटला की भरलेला फुगा धरून दाराबाहेर येणे हीच कसरत असे. एकाने फुगा धरायचा, दुसऱ्याने खाली लोंबणारे यंत्र, आणि दोघांनी वाऱ्याच्या दिशेने चार पावले धावत सोडायचा. जरा चुकले तर यंत्र कुंपणाला आपटलेच. सुटला की तो वर जाता जाता तापमान, आर्द्रता आणि दाब कळवत राहतो, आणि तीसेक किलोमीटरवर फुटतो.

जमिनीवरच्या नोंदी पाच आकडी गटांत पाठवायच्या असत. पहिला गट केंद्राचा, उदाहरणार्थ पुणे ४३०६३, कुलाबा ४३०५७. पुढे १०२६४ असा गट आला की त्यातला १ म्हणजे तापमान, ० म्हणजे शून्याच्या वर, आणि उरले २६.४ अंश. हा संदेश वाचायला मराठी लागत नाही, इंग्रजी लागत नाही, रशियनही लागत नाही. आता संकेताची पद्धत बदलली आहे, पण व्यवहार तोच आहे. माझा आकडा दिल्लीमार्गे काही वेळात युरोप, अमेरिका, जपान, सगळीकडे पोचत असे आणि त्यांचे आकडे आपल्याकडे येत असत. तेव्हा आगोट, ज्या परदेशी मॉडेलवर आपण रागावला आहात, त्यात आमच्याही पहाटा गेल्या आहेत.

मृगाचा_किडा
'आमच्याही पहाटा गेल्या आहेत.' काका, हे वाक्य लिहून ठेवले.

सागरवेध
मी समुद्रशास्त्राची विद्यार्थिनी असल्याने धाग्यात थोडे पाणी आणते. मान्सूनची निम्मी गोष्ट समुद्रावर घडते आणि तिथे पहाटे साडेपाचला फुगा सोडणारे काका नसतात. म्हणूनच या विषयातली मोठी आंतरराष्ट्रीय कामे समुद्रावरच झाली.

साठच्या दशकातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम हे त्यातले पहिले मोठे काम. तिच्यासाठी मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र चालवले गेले. पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था १९६२ मध्ये आणि गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली, ती त्याच लाटेत. पुढे १९७३ साली सोव्हिएत जहाजांबरोबरचा प्रयोग आणि १९७९ साली मोनेक्स हा आंतरराष्ट्रीय मान्सून प्रयोग झाला. मोनेक्समध्ये अमेरिकी विमाने आधी मुंबईहून अरबी समुद्रावर आणि नंतर कलकत्त्याहून बंगालच्या उपसागरावर उडत, वरून यंत्रे सोडत. मान्सूनच्या आगमनाच्या वेळी अरबी समुद्रात तयार होणारा भोवरा तेव्हा प्रथमच इतक्या जवळून मोजला गेला. त्या वर्षी पाऊस मात्र कमी पडला, हा दैवाचा भाग.

आज समुद्रात दोन प्रकारची यंत्रे काम करतात. आर्गो या जागतिक जाळ्यातील सुमारे चार हजार तरंगी हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून तापमान आणि क्षारता मोजत वर येतात आणि उपग्रहाला आकडे देऊन पुन्हा खाली जातात. या आकड्यांना कुंपण नाही, कोणीही ते घेऊ शकतो. आपल्याकडे हैदराबादचे इन्कॉइस हे सागरी माहिती केंद्र त्यांची व्यवस्था पाहते. दुसरी यंत्रे म्हणजे रामा या नावाची, तळाला नांगरलेल्या बोयांची साखळी. तिच्यात भारत आणि अमेरिका हे मुख्य भागीदार आहेत. बोयाच्या सावलीत मासे जमतात, माशांमागे होड्या येतात, आणि होडीचा दोर बांधायला बोयाच सोयीचा ठरतो. मग तारा तुटतात, यंत्रे गायब होतात. पश्चिमेकडे तर सोमाली चाच्यांमुळे काही ठरलेल्या जागी बोये टाकताच आले नाहीत. आंतरराष्ट्रीय सहकार्यातील अडचणी नेहमी दूतावासांतच निर्माण होतात असे नाही.

एकच शोध सांगते. नद्या आणि पाऊस यांचे गोडे पाणी बंगालच्या उपसागरावर पातळ सायीसारखे पसरते. ते हलके असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यात सहज मिसळत नाही, पृष्ठभाग ऊबदार राहतो आणि ढगांना इंधन मिळत राहते. ही साय केव्हा मोडते, यावर पावसाचा खंड केव्हा येतो हे काही अंशी अवलंबून असते. २०१६ साली भारत आणि ब्रिटन यांच्या बॉबल प्रयोगात सिंधू साधना जहाजावरून हे मोजले गेले. त्याच मोसमात इनकम्पास प्रकल्पाचे ब्रिटिश संशोधन विमान लखनऊ आणि बेंगळुरूहून उडून ओल्या आणि कोरड्या जमिनीवरच्या हवेतला फरक टिपत होते. आगोट यांचे पीक वाळले ते खंडामुळे. हे सगळे काम खंडाविषयीच आहे.

आगोट
सर्वांचे आभार. सागरवेध, सायीचे उदाहरण चटकन समजले. पण माझा प्रश्न अजून अर्धाच सुटला आहे. मोजमाप एकत्र करावे हे पटले. मॉडेल मात्र आपले का नसावे?

गणिताची_वही
त्यासाठी आपले मॉडेल होते तेव्हा काय झाले ते पाहू. १९८८ पासून हवामान खाते डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांनी बांधलेले १६ घटकांचे सांख्यिकी मॉडेल वापरत असे. बर्फ, वारे, दाब, समुद्राचे तापमान असे १६ घटक बघून एकूण पाऊस सांगायचा. ते संपूर्ण स्वदेशी होते आणि बरीच वर्षे अंदाज चांगले आले. १९९७ साली शतकातल्या मोठ्या एल निनोंपैकी एक असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला, आणि तसे झाल्याने एल निनोची भीती थोडी ओसरली. २००२ साली एल निनो मध्यम होता, अंदाज सामान्य पावसाचा होता, आणि जुलै महिन्यात देशभर निम्माच पाऊस पडला. मोसम १९ टक्के तुटीने संपला. पुढच्याच वर्षी ते मॉडेल बदलण्यात आले.

दोष गोवारीकरांचा नव्हता. सहसंबंध हे जुन्या ओळखीसारखे असतात, जोवर टिकतात तोवर टिकतात. हिंदी महासागराच्या पूर्व आणि पश्चिम भागांतील तापमानाचा द्विध्रुव तर १९९९ साली नावारूपाला आला. तो मांडणाऱ्या साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या चौघांत तीन भारतीय आणि एक जपानी होता. सांख्यिकी मॉडेलला न दिसणारी अशी कारणे पकडायची तर वातावरण आणि समुद्र यांची भौतिक समीकरणेच सोडवावी लागतात. ते मॉडेल शून्यापासून बांधायला दशके लागतात.

म्हणून २०१२ साली सुरू झालेल्या मान्सून मिशनने वेगळा मार्ग धरला. वातावरण आणि समुद्र एकत्र सोडवणारे अमेरिकेचे सीएफएस मॉडेल पायाला घेतले, त्याची वीण मान्सूनसाठी पुण्यात बारीक केली, आणि परदेशी विद्यापीठांतील गटांना भारतीय भागीदारासोबत याच मॉडेलवर काम करण्यासाठी भारताने पैसे दिले. तिरकस यांना हे आवडावे: इथे हिशेबाची वही आपल्या हाती होती. दिल्लीजवळ नोएडातले मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचे केंद्र ब्रिटनचे युनिफाइड मॉडेल चालवते. पुण्यात विकसित झालेली भारत अंदाज प्रणाली २६ मे २०२५ रोजी, म्हणजे मान्सून मुंबईत पोचला त्याच दिवशी, राष्ट्रार्पण झाली. आधीच्या १२ किलोमीटरऐवजी तिची चौकट, म्हणजे अंदाज ज्या लहानात लहान चौकोनासाठी निघतो तो, ६ किलोमीटरची आहे.

तिरकस
आवडले. तरीही सहा किलोमीटरच्या चौकटीत आगोट यांचे पाच एकर कुठे बसतात, ते कोणी सांगेल का?

घाटमाथा
उजव्या कोपऱ्यात, बांधालगत.

निसर्ग_बघितला
थोडे विषयांतर. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर निसर्ग वादळ आले तेव्हा आमच्या वाडीतल्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. ते नाव बांगलादेशाने सुचवलेले होते. उत्तर हिंदी महासागरातील १३ देशांची यादी आधीच ठरलेली असते आणि दिल्लीचे केंद्र त्या सर्वांना इशारे पुरवते. छप्पर उडाले, पण माणसे आदल्या दिवशीच शाळेत हलवली होती. आगोट यांनी हाती काय पडले असे विचारले होते, म्हणून सांगितले.

मृगाचा_किडा
आता हे सगळे जुने झाले ना? कृत्रिम बुद्धिमत्ता काही मिनिटांत अंदाज देते. २०२५ सालीच केंद्रीय कृषी मंत्रालयाने १३ राज्यांतील ३.८ कोटी शेतकऱ्यांना मान्सूनच्या आगमनाचे तसे अंदाज मोबाइलवर पाठवले. मग जहाजे, विमाने आणि पहाटेचे फुगे कशाला?

गणिताची_वही
@मृगाचा_किडा, त्या अंदाजाची घडण पाहा. त्यात गूगलचे न्यूरलजीसीएम आणि युरोपीय हवामान केंद्राचे एआयएफएस ही कृत्रिम बुद्धिमत्तेची मॉडेले होती आणि आपल्या हवामान खात्याची १२५ वर्षांची पावसाची नोंद होती. अशी मॉडेले जिच्यावर शिकतात ती ईआरए५ ही पुनर्विश्लेषित आकडेवारी १९४० पासूनच्या जगभरच्या निरीक्षणांची गुंफण आहे. म्हणजे पहाटे_साडेपाच यांचे फुगे त्या यंत्राच्या क्रमिक पुस्तकातले धडे आहेत. पुस्तक छापणे थांबवून विद्यार्थी हुशार राहील असे मला वाटत नाही.

आणखी एक. त्या संदेशांत मान्सून आधी आला तरी मध्येच थबकेल ही शक्यता सांगितलेली होती. आगोट यांच्या अ‍ॅपने 'सक्रिय' एवढा एकच शब्द दाखवला.

आगोट
तो संदेश मला मिळालेला नव्हता. मिळाला असता तर मी थांबलो असतो का? शेजारी पेरणी करताना बांधावर बसून राहणे किती अवघड असते, हे शेती करणाऱ्यालाच ठाऊक.

काळी_माती
मी कृषी विस्ताराचे काम करते. आगोट यांची अडचण मॉडेलच्या मालकीची नाही असे माझे स्पष्ट मत आहे. हवामान खाते दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज काढते. खंडाची चाहूल त्यातच लागते. पण तो टक्केवारीत आणि नकाशावरच्या रंगांत असतो, आणि गावात पोचेपर्यंत त्याचे 'पाऊस येणार' किंवा 'येणार नाही' असे दोन तुकडे होतात. अनेक देशांच्या मॉडेलांचे एकत्रित उत्तर सांगते की पुढच्या पंधरवड्यात कोरडे राहण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त आहे. शेतकऱ्याला याचे भाषांतर हवे असते: बियाणे घरात ठेवा, किंवा निम्म्याच रानात पेरा. हे भाषांतर युरोपीय हवामान केंद्राच्या रेडिंगहून किंवा वॉशिंग्टनहून येणार नाही. ते आपणच करायचे आहे, आणि त्यात आपण कमी पडतो.

दुसरी उणीव नोंदींची. मागे एका कार्यालयाकडे मी आमच्या महसूल मंडळाची दहा वर्षांची दैनिक पावसाची आकडेवारी मागितली, तर तीन महिने चकरा मारूनही कागदांची फोटोकॉपीच मिळाली आणि तिच्यातही दोन वर्षांचे जुलै महिने गायब होते. अरबी समुद्रातील तरंगीचे आकडे मला घरबसल्या मिळतात, आमच्या पर्जन्यमापकाचे मिळत नाहीत.

सागरवेध
काळी_माती यांच्या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. जागतिक हवामान संघटनेने २०२१ साली मूलभूत आकडेवारीच्या मुक्त देवाणघेवाणीचे धोरण पुन्हा मजबूत केले, पण ते देशादेशांतल्या व्यवहाराविषयी आहे. तालुक्याच्या कपाटाला ते लागू होत नाही.

तिरकस
म्हणजे मूळ प्रश्न उलटा झाला. आमचा हिशेब दुसरे का मांडतात हा प्रश्न नसून, आम्ही आमच्याच हिशेबाची पाने का लपवतो, हा आहे. आगोट, मी तुमच्या बाजूने आलो होतो, आता कुंपणावर आहे.

आगोट
कुंपणावर जागा असेल तर थोडे सरका. परदेशी मॉडेलवरचा राग बराच ओसरला, अ‍ॅपवरचा नाही. काळी_माती, यंदा गुरुवारचा अंदाज बघूनच पेरणी ठरवीन, आणि तो वाचून दाखवायला तुम्हालाच त्रास देईन.

पहाटे_साडेपाच काका, एक साधा पर्जन्यमापक घेऊन आलो आहे. तो कुठे बसवावा आणि नोंद कशी ठेवावी?

पहाटे_साडेपाच
मोकळ्या जागी, सपाट जमिनीवर. जवळच्या भिंतीची किंवा झाडाची जितकी उंची असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. मोजणी रोज सकाळी साडेआठला, कारण देशभर तीच वेळ आहे आणि मगच आपला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. मापातल्या पाण्याची पातळी डोळ्याच्या रेषेत धरून वाचावी. अडीच मिलिमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस. पाऊस झाला नाही तरी ०.० लिहावे. रकाना रिकामा ठेवलात तर पाऊस पडला नाही की तुम्ही गावाला गेला होता, हे दहा वर्षांनी कोणालाही कळणार नाही.

आगोट
गोठ्याची भिंत दहा फूट उंच आहे आणि मी मापक आठ फुटांवर रोवला आहे. उद्या उपटून हलवतो.